लायपेज नॉर्मल आलं म्हणजे स्वादुपिंड ठणठणीत का? (जुनाट दाह आणि रक्ताच्या टेस्ट)

मुळाकाठ (धागाकर्ता)
घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या तपासणी पॅकेजांत हल्ली अमायलेज आणि लायपेज (स्वादुपिंडात बनणारी पाचकद्रव्यं) बऱ्याचदा असतात. दोन्ही आकडे मर्यादेत दिसले की 'पॅन्क्रिया चांगलं आहे' असं धरून रिपोर्टचं पान उलटलं जातं. पण पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, ते पाठीत जातंय, जेवल्यावर वाढतंय, वजन उतरतंय आणि हे सगळं महिनोन्‌महिने चाललंय, अशा माणसाच्या बाबतीत हे दोन नॉर्मल आकडे नक्की काय सांगतात? स्वादुपिंडाचा जुनाट दाह, म्हणजे क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, नुसत्या रक्तावरून ओळखता येतो का? येत नसेल तर रक्तातलं काय तपासण्यासारखं आहे? जाणकारांनी नेमकं लिहावं. 'डॉक्टरांना भेटा' हे मान्यच आहे. भेटल्यावर काय विचारायचं, ते कळायला हवंय.

रसायनी
थोडक्यात उत्तर: नुसत्या रक्तावरून खात्रीने सांगता येत नाही, आणि नॉर्मल लायपेजवर निर्धास्त राहू नये.

कारण असं. अमायलेज आणि लायपेज ही गळतीची मापं आहेत. स्वादुपिंडाच्या पेशी अचानक सुजल्या, फुटल्या की आतली पाचकद्रव्यं रक्तात उतरतात आणि आकडा उसळतो. तीव्र दाहाच्या निदानात म्हणूनच त्यांना मानाचं स्थान आहे. २०१२च्या सुधारित अटलांटा निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: ठरावीक प्रकारची पोटदुखी, लायपेज किंवा अमायलेज वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि स्कॅनवर दाहाच्या खुणा.

जुनाट दाहात गोष्ट उलटी होते. वर्षानुवर्षं धुमसून पेशी मरतात आणि त्यांच्या जागी तंतुमय, वण पडल्यासारखी ऊती येते. मग गळायला फारसं काही उरतच नाही. त्यामुळे आकडा नॉर्मल येतो, बऱ्याच वेळा खालच्या टोकाला. टाकी गळत नाही याची दोन कारणं असू शकतात: टाकी धड आहे, किंवा टाकीत पाणीच नाही. लायपेज या दोहोंत फरक करू शकत नाही.

पर्वतीपायथा
पूर्ण सहमत नाही. जुनाट आजारातही मधूनमधून झटके येतात आणि तेव्हा लायपेज चढतं. 'काही उपयोग नाही' असा समज पसरला तर झटक्याच्या वेळीही लोक टेस्ट करायची टाळतील.

रसायनी
@पर्वतीपायथा, बरोबर, ते लिहायला हवं होतं. झटक्यात करायचीच, फक्त वेळ पाहून. लायपेज दुखणं सुरू झाल्यावर साधारण ४ ते ८ तासांत चढू लागतं, २४ तासांच्या आसपास शिखर गाठतं आणि ८ ते १४ दिवस वर राहू शकतं. अमायलेज ६ ते १२ तासांत चढतं, पण ३ ते ५ दिवसांत उतरूनही जातं. आठवडाभर अंगावर काढून नंतर फक्त अमायलेज केलं तर हाती काही लागणार नाही. दोहोंतून एकच करायचं असेल तर लायपेज. मात्र आजार जितका जुना, तितकी ही उसळी बुटकी होत जाते. तिप्पट झालं नाही म्हणून झटका नव्हताच, असंही म्हणता येत नाही.

लालनळी
सँपलच्या बाजूने थोडी भर, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

अमायलेजला काम करायला कॅल्शियम लागतं. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए असतं, निळ्या टोपीच्या नळीत सायट्रेट. दोन्ही कॅल्शियम पकडून ठेवतात, त्यामुळे आकडा खोटा खाली येतो. अमायलेज-लायपेजसाठी लाल किंवा पिवळ्या टोपीची नळी, म्हणजे सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी). जांभळी एचबीएवनसीला (तीन महिन्यांची सरासरी साखर), करडी साखरेला, निळी प्रोथ्रॉम्बिन टाइमला (रक्त गोठायला लागणारा वेळ). निळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. तिच्यात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त असं गणित असतं आणि अर्धवट भरली तर आयएनआर, म्हणजे याच टेस्टचा आकडा, खोटा वाढतो.

दुसरी गोष्ट, ट्रायग्लिसराइड. नळी सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचा सीरम पिवळसर, पारदर्शक दिसायला हवा. ट्रायग्लिसराइड हजारांत असेल तर तो दुधासारखा पांढरा दिसतो, नळीमागे धरलेलं बोट दिसत नाही. अशा सीरममध्ये अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. सीरम पातळ करून पुन्हा लावलं की खरा आकडा वर येतो. रिपोर्टखाली 'लायपेमिक सँपल' (चरबीने गढूळ) असा शेरा असेल तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. खुद्द दाहाचं कारणही त्याच नळीत असू शकतं: ट्रायग्लिसराइड १००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की स्वादुपिंडाला धोका. आणि दवाखान्यात उपाशी ठेवून सलाइन लावलं की एक-दोन दिवसांत ते भराभर उतरतं. म्हणून ही टेस्ट दाखल होतानाच्या पहिल्या रक्तातच लावून घ्यावी.

हडपसरकर
वाचतोय. उपयुक्त धागा. उलट प्रश्न: काही त्रास नाही आणि लायपेज थोडं वाढलेलं आलं, तर?

खडीचा_शोध
@हडपसरकर, दुप्पट-अडीचपट आणि बाकी काही त्रास नाही, असं खूप दिसतं. आधी औषधं बघायची. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या आणि जीएलपी-१ गटातली इंजेक्शनं लायपेज थोडं वाढवतात. मग क्रिएटिनिन, कारण किडनी मंदावली की दोन्ही द्रव्यं रक्तात साचतात. एकटं अमायलेज वाढलंय आणि लायपेज नॉर्मल, असं असेल तर लाळग्रंथी किंवा मॅक्रोअमायलेज. यात अमायलेज अँटिबॉडीला चिकटून मोठं होतं आणि लघवीतून गाळलं जात नाही. आजार सहसा काहीच नसतो.

यातून काही निघालं नाही आणि एमआरसीपीही (स्वादुपिंड आणि पित्तनळ्यांचा एमआरआय) स्वच्छ आली तर गुल्लो सिंड्रोम राहतं. इटलीतल्या गुल्लो यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही निरुपद्रवी अवस्था. तिची खूण म्हणजे आकडा रोज बदलतो, एखाद्या दिवशी चक्क नॉर्मल येतो. सलग पाच दिवस तपासलं की चित्र स्पष्ट होतं.

मुळाकाठ
म्हणजे वाढलेलं असलं तरी आजार असेलच असं नाही आणि नॉर्मल असलं तरी नसेलच असं नाही. मग रक्तात असं काही नाहीच का, जे जुनाट दाहातच खाली जातं?

रसायनी
आहे, आणि त्याचं नाव पुरेसं ऐकू येत नाही: सीरम ट्रिप्सिनोजेन, जुनं नाव इम्युनोरिॲक्टिव्ह ट्रिप्सिन. अमायलेज लाळेतूनही येतं. ट्रिप्सिनोजेन मात्र जवळजवळ सगळं स्वादुपिंडातूनच येतं. थोडं रक्तात सतत झिरपत असतं, म्हणून त्याची पातळी म्हणजे किती कारखाना शिल्लक आहे याचा अंदाज. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली गेलं तर वाढलेला जुनाट दाह असण्याची शक्यता दाट. इथे आपण 'कमी' आकडा शोधतोय, हे लक्षात ठेवा. बहुतेकांची नजर रिपोर्टवर वर गेलेला बाणच शोधते.

मर्यादा मोठी आहे. सुरुवातीच्या आजारात ते नॉर्मलच असतं, आणि झटका चालू असताना पेशी फुटल्यामुळे खोटं वर जातं. त्यामुळे दुखणं शांत असताना द्यायची टेस्ट.

कॅम्पातला
हे पुण्याला नवीन नाही. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९८०-९०च्या दशकांत फायब्रोकॅल्क्युलस पॅन्क्रियाटिक डायबेटिसवर काम केलं. तरुण वय, किडकिडीत बांधा, एक्स-रेवर स्वादुपिंडात खडे आणि मधुमेह, असे रुग्ण. त्यांच्या रक्तातलं इम्युनोरिॲक्टिव्ह ट्रिप्सिनही त्या कामात मोजलं होतं. अशा रुग्णांत साखर प्रचंड वाढूनही कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारे आम्ल पदार्थ) सहसा का वाढत नाहीत, याचाही तिथे अभ्यास झाला. या आजाराचं पहिलं ठळक वर्णन झुइडेमा यांनी १९५९ मध्ये इंडोनेशियातून केलं, आपल्याकडे केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी त्यावर आयुष्य वेचलं. 'दारू पीत नाही, मग पॅन्क्रिया कसं बिघडेल' असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचायलाच हवा.

ताटातलं
+१. दारूशिवायही होतो, हे मोठ्या अक्षरांत लिहावं असं वाटतं. आणि तंबाखू! सिगारेट हे स्वतंत्र कारण आहे, दारूच्या जोडीला नसलं तरीही.

आकडेमोड
'पॅकेजमध्ये घालून सगळ्यांचीच ट्रिप्सिनोजेन करा' असं कोणी म्हणायच्या आत एक हिशेब. हे आकडे कल्पित आहेत, पण गणित खरं आहे. समजा दहा हजार लोकांत दहा जणांना हा आजार आहे. टेस्ट आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर नॉर्मल सांगते. दहातले नऊ सापडतील. पण ९,९९० निरोगी लोकांचे ५ टक्के, म्हणजे जवळपास ५०० जण, विनाकारण पॉझिटिव्ह येतील. पॉझिटिव्ह आलेल्या ५०९ जणांत खरे आजारी नऊ. त्या ५०० जणांचे स्कॅन, खर्च आणि झोप उडालेल्या रात्री कोणाच्या खात्यात?

तीच टेस्ट लक्षणं असलेल्या शंभर जणांना लावली आणि त्यांतल्या चाळिसांना आजार असेल, तर ३६ खरे आणि ३ खोटे. टेस्ट तीच. फक्त कोणाला लावली, ते बदललं.

मुळाकाठ
@आकडेमोड, हा हिशेब प्रत्येक पॅकेजच्या जाहिरातीखाली छापायला हवा.

हडपसरकर
मग सीए १९-९? कॅन्सर मार्कर म्हणून तेही पॅकेजात असतं.

खडीचा_शोध
निरोगी माणसाने करू नये, असं स्पष्ट मत आहे. मर्यादा ३७ युनिट प्रति मिलिलिटर. पित्तनळी अडली, कावीळ झाली की ते शेकड्यांत जातं, कॅन्सर नसतानाही. जुनाट दाहातही थोडं वाढतं. म्हणून कावीळ असेल तर आधी अडथळा काढून बिलिरुबिन उतरू द्यायचं आणि मग पुन्हा मोजायचं. दुसऱ्या बाजूने, ज्यांच्या रक्तात लुईस अँटिजेन (रक्तगटासारखी एक खूण) नाही अशा ५ ते १० टक्के लोकांत ते तयारच होत नाही. कॅन्सर असूनही आकडा शून्याजवळ.

पन्नाशीनंतर एकदम नवा मधुमेह आणि सोबत उतरणारं वजन, ही जोडी मात्र कुठल्याही मार्करची वाट न बघता स्कॅन करायला पुरेशी आहे.

लालनळी
केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी: ५-१० मिलिग्रॅमचा डोस असेल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा. अनेक मशिनांची पद्धत बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीवर चालते. त्यात सीए १९-९ खोटं खाली येऊ शकतं आणि व्हिटॅमिन डी खोटं वर. दोन्ही चुका 'सगळं छान' याच दिशेच्या, म्हणून जास्त धोकादायक.

पर्वतीपायथा
आयजीजी-४ (एका प्रकारची अँटिबॉडी) राहिलं.

खडीचा_शोध
हो, ते महत्त्वाचं, कारण तिथे उपचार पूर्ण बदलतो. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते तो आजार) पहिल्या प्रकारात आयजीजी-४ वाढतं. मर्यादा बहुतेक ठिकाणी १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात, पण दुपटीच्या वर गेलं तरच वजनदार पुरावा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांतही ते थोडं वाढलेलं सापडतं. दुसऱ्या प्रकारात बहुधा नॉर्मलच. स्टेरॉइड दिल्यावर दोन आठवड्यांत स्कॅनवर सूज उतरलेली दिसते, हाही निदानाचाच भाग. पण कॅन्सर नाही याची खात्री करून घेतल्यावरच.

लालनळी
आयजीजी-४ प्रचंड असेल तर मशीन उलट फसतं. मोजायचं द्रव्य इतकं जास्त होतं की टेस्टमधल्या अँटिबॉडीशी त्याचं जाळं नीट बांधलंच जात नाही आणि आकडा कमी छापला जातो. याला प्रोझोन म्हणतात. लक्षणं जुळतात आणि आकडा नॉर्मल, असं दिसलं तर लॅबला 'डायल्यूट करून परत लावा' म्हणून सांगायचं. त्याच सँपलवर होतं.

रसायनी
या धाग्यात सीआरपी आणि ईएसआर (शरीरात कुठेही दाह असला की वाढणारी मापं) अजून आले नाहीत, ते बरंच झालं. 'दाह' शब्द ऐकून लोक ते करून घेतात. जुनाट दाहात दोन्ही नॉर्मल असू शकतात, आणि वाढले तरी हिरडी, सांधा, फुप्फुस कुठूनही वाढतील. तीव्र दाहात ४८ तासांनी सीआरपी १५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर आजार गंभीर, तो उपयोग वेगळा.

संशोधनाची दिशा सांगायची तर लक्ष आता पेशींच्या गळतीवरून वण पडण्याच्या क्रियेकडे गेलंय. स्वादुपिंडातल्या स्टेलेट पेशी १९९८ मध्ये वेगळ्या करून वाढवता आल्या. याच पेशी चिडल्या की तंतू विणत सुटतात. त्यांना चिडवणारं टीजीएफ-बीटा, शिवाय इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, एमसीपी-१, हायलुरॉनिक ॲसिड, असे बरेच उमेदवार रक्तात मोजून पाहिले जातात. अडचण अशी की लिव्हर किंवा फुप्फुसात वण पडत असला तरी हेच पदार्थ वाढतात. आणि टीजीएफ-बीटा प्लेटलेटमध्ये ठासून भरलेलं असतं. लाल नळीत रक्त गोठलं की प्लेटलेट ते ओतून टाकतात, मग आपण आजार मोजतोय की नळीतली गुठळी? त्यासाठी प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातलं पाणी) लागतो, तोही प्लेटलेट काढून टाकलेला, थंड ठेवून लवकर फिरवलेला.

अमेरिकेत २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या गटाचा 'प्रोसीड' अभ्यास याच प्रश्नासाठी आहे: संशयित आणि पक्क्या रुग्णांना वर्षानुवर्षं तपासत जायचं, नमुने साठवायचे आणि कोणता मार्कर आधी बदलतो ते बघायचं. जर्मनीतल्या गटाने २०१८ मध्ये नऊ मेटाबोलाइट (चयापचयातले छोटे पदार्थ) आणि सीए १९-९ यांची एकत्र ओळखखूण मांडली, पण ती जुनाट दाह आणि कॅन्सर यांत फरक करण्यासाठी. रोजच्या वापरात यातलं काही आलेलं नाही. कोणी 'पॅन्क्रिया फायब्रोसिस पॅनेल' विकत असेल तर पैसे वाचवा.

ताटातलं
रक्ताचा धागा आहे तरी शौचाची टेस्ट सांगतेच, कारण तिच्याशिवाय चित्र अपुरं. फीकल इलॅस्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचकद्रव्य शौचात किती उतरतं ते: २०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली कमतरता, १०० च्या खाली बरीच जास्त. सँपल बांधलेल्या शौचाचंच हवं. जुलाब असताना दिलं तर पाण्याने पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो. एन्झाइमच्या (पाचकद्रव्यं बाहेरून पुरवणाऱ्या) कॅप्सूल चालू असतील तर बहुतेक किटसाठी बंद करायची गरज नाही, कारण ते फक्त मानवी इलॅस्टेज ओळखतात आणि कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. (शाकाहारी घरांत हे आधी सांगावं, हा माझा आग्रह आहे. नंतर कळलं तर औषधच बंद होतं.)

कॅप्सूल जेवणानंतर आठवण झाली तेव्हा घेणं ही सर्वात मोठी चूक. पहिल्या घासाबरोबर सुरुवात, मोठ्या जेवणात विभागून. प्रौढांना मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज आणि मधल्या खाण्याला निम्मं, अशी सुरुवात असते. डोस डॉक्टर ठरवतील, पण १०,००० ची एक कॅप्सूल आणि पुढ्यात मिसळ, हे गणित जुळत नाही. आणि तूप-तेल कायमचं बंद करणं चूक. एन्झाइम पुरेसं देऊन साधारण चरबी खाऊ दिली तरच वजन आणि जीवनसत्त्वं टिकतात.

मुळाकाठ
@ताटातलं, जीवनसत्त्वं रक्तात तपासायची ना?

ताटातलं
हो, आणि निदान झाल्यावर रक्ताचं खरं काम इथेच सुरू होतं. व्हिटॅमिन ए, डी, ई. के साठी प्रोथ्रॉम्बिन टाइम. शिवाय मॅग्नेशियम, झिंक, बी-१२, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन. हाडांसाठी डेक्सा स्कॅन वेगळा. साखर आणि एचबीएवनसी दर वर्षी. रक्तक्षय असेल तर एचबीएवनसीवर एकट्यावर विसंबू नये, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखरही बघावी.

कॅम्पातला
स्वादुपिंड बिघडल्यामुळे होणाऱ्या मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात. स्वादुपिंडाचा सगळाच भाग जळत असल्यामुळे इन्सुलिनबरोबर ग्लुकागॉनही (साखर वर आणणारं हार्मोन) कमी होतं, म्हणून साखर अचानक खोल उतरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरच्यांना हे माहीत हवं. रिपोर्टवर 'टाइप २' लिहिलेलं असतं आणि कोणी स्वादुपिंडाकडे बघितलेलंच नसतं, असं होऊ शकतं. जीएडी अँटिबॉडी (टाइप १ मधुमेहाची खूण) निगेटिव्ह, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं याचं माप) कमी, अंगकाठी बारीक आणि शौच तेलकट, असं जुळलं तर इलॅस्टेज आणि स्कॅन मागून घ्या.

पर्वतीपायथा
तरुण रुग्णांत जीन टेस्टही रक्तावरच होते. पीआरएसएस-१ या जीनमधल्या दोषाचा शोध १९९६ चा. आपल्याकडे मात्र एसपीआयएनके-१ या दुसऱ्या जीनमधला एन३४एस नावाचा बदल जास्त सापडतो, हैदराबादच्या संशोधकांनी २००२ मध्ये ते दाखवलं. पण हा बदल निरोगी लोकांतही असतो. तो धोका वाढवतो, निदान करत नाही. भावंडांची सरसकट तपासणी करायच्या आधी जेनेटिक समुपदेशकाशी बोलावं.

मुळाकाठ
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. महिनोन्‌महिने दुखतंय, लायपेज नॉर्मल आहे. अशा माणसाने पोटविकारतज्ज्ञांकडे जाताना काय विचारावं?

खडीचा_शोध
पहिलं, 'स्वादुपिंडाचा सीटी झालाय का?' खडे सीटीवर सर्वात नीट दिसतात. सोनोग्राफीत आतड्यातला गॅस आडवा येतो, त्यामुळे 'स्वादुपिंड अस्पष्ट' असा शेरा असेल तर तो नॉर्मल समजू नये. सीटी स्वच्छ असूनही संशय उरला तर एमआरसीपी, त्यानंतर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी).

रक्तात त्याच भेटीत कारण शोधायचं: उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, कॅल्शियम, ते वाढलं असेल तर पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन), स्कॅनवर खूण असेल तर आयजीजी-४. अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन, कारण स्वादुपिंडाचा सुजलेला डोक्याकडचा भाग पित्तनळी आवळतो आणि कावीळ दिसण्याआधी फॉस्फटेज चढतं. ट्रिप्सिनोजेन मिळालं तर जरूर, पण ते नॉर्मल आलं म्हणून स्कॅन रद्द करू नये.

लालनळी
ट्रिप्सिनोजेन सगळीकडे होत नाही. आधी फोन करून विचारा की तुम्ही स्वतः करता की बाहेर पाठवता, आणि पाठवत असाल तर गोठवून पाठवता का. व्हिटॅमिन ए आणि ई चं सँपल घरून नेणार असतील तर नळीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली जाते ना, ते डोळ्यांनी बघा. स्कूटरच्या डिकीतून उन्हात फिरलेली उघडी नळी लॅबला पोहोचेपर्यंत बरंच गमावून बसते.